वरची रिकामी पट्टी

जानेवारीतली रात्र होती. त्या दिवसांत नाशिकच्या घरांमध्ये रात्री अकरानंतर फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही, म्हणून दूध तापवून झाल्यावरही मी स्वयंपाकघरातच ओट्याच्या उबेला उभी होते आणि हातात फोन होता. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीचा मोठा संदेश नुकताच आला होता. पहिल्या चार ओळींत तिने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली होती, पुढे ऑफिसचे काहीबाही लिहिले होते आणि मग मध्येच, कुठलीही तयारी न करता लिहिले होते: ‘मावशी, मी लेस्बियन आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. घरात पहिल्यांदा तुलाच सांगते आहे.’ तो संदेश मी तीनदा वाचला. दुधावर साय धरली होती आणि ती फुंकरीने बाजूला सारावी एवढेही मला सुचत नव्हते. उत्तर लगेच द्यायला हवे, हे मात्र कळत होते, कारण अशा संदेशानंतरचे प्रत्येक मिनिट पलीकडच्या माणसाला मोजावे लागत असते.

तिला आपल्या भाषेतल्या शब्दाने उत्तर द्यावे असे मला वाटले. ‘तू’ लिहिले तेव्हा अक्षरांच्या वरच्या पट्टीत तीन शब्द तत्परतेने हजर झाले: कशी, कुठे, काय. पुढे ‘सम’ लिहिले, तर समोर, समजा, समाज. ‘समलिं’पर्यंत पोहोचले आणि ती बोटभर रुंदीची पट्टी कोरी झाली. एरवी अर्धे अक्षर उमटायच्या आत उरलेले वाक्य पुढे करणारा तो फोन एकदम गप्प बसला. शब्द लिहायला त्याची काहीच आडकाठी नव्हती. आणखी दोन टिचक्या मारल्या की काम झाले असते, आणि मी तो शब्द पूर्णही केला. परंतु त्या कोऱ्या पट्टीखाली तो एकटाच उभा असलेला पाहून माझे बोट थबकले. हा शब्द जड होईल का, तिला तो दवाखान्यातल्या कागदासारखा वाटेल का, असे काहीतरी मनात आले आणि मी एकेक अक्षर खोडत मागे आले. मग लिहिले, ‘तू जशी आहेस’. तेवढ्यात पट्टीत ‘तशी’ आपणहून आले. ‘आमची आहेस’ हे पुढचे दोन शब्दही मी जवळपास न लिहिताच उमटले. संदेश गेला.

सकाळी तिचे उत्तर आले होते: ‘मावशी, खूप बरं वाटलं. फक्त तू तो शब्द लिहिला नाहीस.’

मी तो लिहिला होता आणि खोडला होता, हे तिला कळायला काहीच मार्ग नव्हता.

हे सारे मी तिच्या परवानगीने लिहीत आहे. तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीलाही, आता सगळे ठाऊक आहे. तरीही त्या एका वाक्याने मला बरेच महिने स्वस्थ बसू दिलेले नाही. ‘जशी आहेस तशी’ हे शब्द आपण कधी वापरतो, याचा मी विचार करू लागले. पोचा आलेल्या पातेल्याबद्दल, रंग उडालेल्या लुगड्याबद्दल, म्हणजे ज्यात काहीतरी उणे आहे आणि ते आपण पोटात घालायला तयार आहोत, अशा वस्तूबद्दल. तिने मला उणेपणा कळवला नव्हता, आपले नाव सांगावे तशी एक गोष्ट सांगितली होती. माझ्या घाबरट हाताला फोनने मदत केली, हे खरे आहे. मला जे टाळायचे होते ते त्याने सोपे केले आणि जे लिहायला हवे होते तिथे माझी सोबत सोडली.

रविवार कारंजाजवळच्या एका बोळात आमच्या अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छापखाना होता. शाळा सुटली की मी तिथे जात असे. शाईचा आणि रॉकेलचा वास, ट्रेडलचा पायाने धरलेला ताल आणि भिंतीशी तिरक्या मांडलेल्या खिळ्यांच्या केसी, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांचे खणाखणांचे ट्रे. जी अक्षरे पुन्हा पुन्हा लागतात त्यांचे खण मोठे आणि हाताशी, तर क्वचित लागणाऱ्यांचे लहान आणि दूर. कंपोझिटरचा, म्हणजे अक्षरे जुळवणाऱ्याचा, हात न बघता खणात जात असे. आजच्या फोनचा कीबोर्ड मला त्या केसीचाच वंशज वाटतो. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता अधिक, याचा हिशेब करून तो शब्द हाताशी आणून ठेवायचा, एवढेच त्याचे काम आहे. पूर्वी हा हिशेब शब्दांच्या जोड्या आणि तिकड्या मोजून होत असे, आता फोनमध्येच बसवलेले एक छोटेसे न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी गणिती रचना, तो करते. लाखो माणसांच्या फोनवरच हे शिकणे व्हावे आणि त्यातून काढलेला सारांश तेवढा कंपनीकडे जावा, अशी पद्धत गूगलने २०१७ साली जाहीर केली. खणांची मांडणी आता सतत बदलत असते, एवढाच फरक.

छापखान्यात आणखी एक गोष्ट होती, ती मला त्या रात्रीनंतर फार आठवली. लग्नसराईत वेळ वाचावा म्हणून अण्णा पत्रिकेचा ठरावीक मजकूर जुळवून, सुतळीने बांधून फळीवर ठेवत असत. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ इथपासून ‘उपस्थितीची विनंती’ इथपर्यंत सगळे तयार असायचे, गिऱ्हाईक आले की फक्त नावे आणि मुहूर्त भरायचा. त्या बांधलेल्या मजकुरात दोन मोकळ्या जागा असत. एकीच्या आधी ‘चि.’ आणि दुसरीच्या आधी ‘चि. सौ. कां.’ शेकडो घरांची लग्ने त्या दोन जागांतून छापून बाहेर पडली. दोन्हीकडे ‘चि. सौ. कां.’ हवे असेल तर सुतळी सोडूनच काम करावे लागले असते, आणि तसे कोणी मागायला आलेही नाही. बांधून ठेवलेल्या मजकुराचा हाच गुण असतो. तो कोणाला नाही म्हणत नाही. ज्याची जागा त्यात नाही तो माणूस काउंटरपर्यंत येतच नाही.

त्या रात्री पट्टी कोरी का झाली, याची दोन कारणे असू शकतात. एक म्हणजे तो शब्द मराठीत इतका कमी लिहिला गेला की यंत्राला तो शिकण्याएवढा मजकूरच मिळाला नाही. दुसरे म्हणजे कोणीतरी बसून एक यादी केली आणि हे शब्द आपणहून सुचवायचे नाहीत असे ठरवले. माझ्यासारख्या वापरणाऱ्या बाईला या दोहोंत फरक करता येत नाही, आणि मला वाटते खरी अडचण तिथेच आहे. विसरलेला शब्द आणि वगळलेला शब्द बाहेरून अगदी सारखे दिसतात. पट्टीवर ‘हा शब्द आम्ही दाखवत नाही’ असे कधी लिहून येत नाही. फक्त काही येत नाही, आणि ते न येणे माणूस स्वतःच्या अंगाला लावून घेतो.

अशा याद्या असतात, हे काही माझे भय नाही. अँड्रॉइडच्या किटकॅट आवृत्तीतल्या कीबोर्डने हजाराहून अधिक इंग्रजी शब्द सूचनांतून बाहेर ठेवले होते. २०१३ च्या अखेरीस ‘वायर्ड’ या अमेरिकन मासिकाने ती यादी उजेडात आणली, तेव्हा त्यात शिव्यांबरोबर शरीराचे आणि आरोग्याचे साधे शब्दही निघाले. त्याआधी २००९ पासून २०१२ पर्यंत गूगलच्या शोधचौकटीत ‘बायसेक्शुअल’, म्हणजे स्त्री आणि पुरुष दोघांकडेही ओढ असणारी व्यक्ती, हा शब्द आपणहून पुरा होत नसे. त्या माणसांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यावर ती बंदी उठली. भाषेची यंत्रे शिकवण्यासाठी इंटरनेटवरून गोळा केलेल्या ‘सी-फोर’ नावाच्या मोठ्या मजकूरसाठ्याची २०२१ साली संशोधकांनी तपासणी केली. अश्लील शब्दांच्या यादीने गाळणी लावल्यामुळे, ज्या पानांवर लेस्बियन, गे असे शब्द होते ती पाने सर्वाधिक प्रमाणात गळून पडली होती. त्यांतली कितीतरी पाने अश्लील नव्हतीच. कोणाची तरी आठवण, कुठला तरी वैद्यकीय सल्ला, एखाद्या आईची कैफियत, असेही त्यांत असणार. पान मुळात शिकवणीतच पोहोचले नाही, तर पुढे बनणाऱ्या यंत्राला तो शब्द वेगळा गाळावाही लागत नाही. ती माणसे कशी लिहितात हे त्याने पाहिलेलेच नसते.

याद्या करणाऱ्यांच्या मनातली भीती मला समजते, आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. यंत्राने आपणहून शब्द पुढे केला की ते बोलणे यंत्राचे होते. जीमेलमधली वाक्य पुरे करणारी सोय तयार होत असताना, २०१८ च्या सुरुवातीला, ‘मी पुढच्या आठवड्यात एका गुंतवणूकदाराला भेटणार आहे’ अशा अर्थाच्या वाक्यापुढे यंत्राने ‘त्याला’ असा पुरुषवाचक शब्द सुचवला. गुंतवणूकदार म्हणजे पुरुषच, हे ते आपल्याच लिहिण्यातून शिकले होते. तेव्हा कंपनीने लिंगवाचक सर्वनामे सुचवणेच बंद केले. उद्या एखाद्या मुलाचे नाव लिहिल्यावर त्यापुढे यंत्राने आपणहून ‘समलिंगी आहे’ असे सुचवले, तर ते निव्वळ चहाडी ठरेल आणि एखाद्या घरात त्यावरून आग लागेल. तेव्हा माणसाच्या नावापुढे त्याच्या लैंगिकतेचा अंदाज मांडणे यंत्राने टाळावेच. पण मी अंदाज मागत नव्हते. त्या शब्दाची पाच अक्षरचिन्हे मी स्वतः टाइप केली होती, आणि एक ‘ग’ व त्याची वेलांटी काढून तो लिहून संपला असता.

आमच्या छापखान्यातही अशी एक गाळणी लागली होती. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ साली स्थापन झाली, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. आमच्याच भागातले एक डॉक्टर हाताने लिहिलेला कागद घेऊन आले. आठ मुद्द्यांचे पत्रक होते, गुलाबी कागदावर हजार प्रती हव्या होत्या. मजकूर अण्णांनी स्वतः जुळवला. डॉक्टरांनी प्रूफ हातात घेतले, खिशातले पेन काढले आणि मुद्द्यांवर टेकवत मोजले. ‘अण्णा, आठ दिले होते. हे सात आहेत.’ तिसरा मुद्दा पुरुषांनी पुरुषांशी ठेवलेल्या संबंधांविषयी होता. तो अण्णांनी काढला होता आणि पुढचे आकडे सरकवून घेतले होते, म्हणजे वाचणाऱ्याला फटही दिसू नये. अण्णा म्हणाले, ‘डॉक्टर, हा कागद घरात बायकामुलांच्या हाती पडणार. आणि नाशकात असलं काही नाही.’ डॉक्टर शांतपणे म्हणाले, ‘आहे. माझ्याकडे येतात म्हणूनच लिहिलं. त्यांच्यासाठीच ते पत्रक आहे.’ निदान फुल्या टाकून छापू, असे अण्णांनी सुचवून पाहिले. डॉक्टरांनी मान हलवली. फुल्या वाचून कोणी औषधाला येत नाही, एवढेच ते म्हणाले.

अण्णा बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. मग चष्मा पुसून उठले, बांधलेल्या मजकुराची दोरी सोडली, चारपासूनचे आकडे एकेक करून मागे सरकवले आणि तिसऱ्या मुद्द्याचे खिळे उचलायला सुरुवात केली. मी शेजारी उभी होते. न बघता खणात जाणारा त्यांचा हात त्या दिवशी प्रत्येक अक्षरापाशी अडखळत होता. त्या कामाचे जास्तीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. माझे वडील दुष्ट नव्हते, ते मला माहीत असलेले सगळ्यांत सभ्य गृहस्थ होते, आणि तो मुद्दा त्यांनी सभ्यतेपोटीच गाळला होता. ज्या मुलीच्या संदेशासमोर मी त्या रात्री अडखळले, ती त्यांचीच नात आहे.

मराठीसाठी अशी यादी करायला कोणी बसलाच, तर त्याची काय गत होईल, हे मी अनेकदा मनात घोळवून पाहते. समलिंगी या शब्दातले लिंग हे शाळेतल्या व्याकरणाचे लिंग आहे: पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. तेच लिंग इथून तासाभराच्या वाटेवर त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात आहे. माझा फोन ‘ज्यो’ लिहिताच ‘ज्योतिर्लिंग’ पुरे करतो, त्यात त्याला काही अवघड वाटत नाही, आणि वाटूही नये. ‘गे’ हा शब्द इंग्रजीतून आला तेव्हा मराठीत त्याच उच्चाराचा एक शब्द आधीच राहत होता. माझी आजी जात्यावर बसली की प्रत्येक ओवीत ‘गे बाई’ येई, आणि ते दोन बायकांमधल्या मायेचे संबोधन होते. यादीला यातले काही कळत नाही. यादी अक्षरे ओळखते. शिवी आणि नाव यांतला फरक अक्षरांत नसतो, तो वाक्यात आणि बोलणाऱ्याच्या मनात असतो. आमच्या शाळेत एका हळव्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून दहावीपर्यंत छळले गेले. तो शब्द यंत्राने कोणाच्या हाती आयता ठेवू नये, याला माझी मनापासून संमती आहे. परंतु ‘बायल्या’ आणि ‘समलिंगी’ हे शब्द एकाच खणात टाकणे, म्हणजे ज्याला मारले त्याचे नावच मारहाणीच्या हत्यारांत जमा करणे होय. त्या मुलाला त्या वयात दुसरा, धड शब्द मिळाला असता तर तो त्याने स्वतःसाठी वापरला असता. तो त्याच्या कानावर आलाच नाही.

शब्द मिळायलाही किती वर्षे लागली! १८६० च्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम या माणसांना निसर्गाच्या क्रमाविरुद्ध वागणारे म्हणत होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, तरी आमच्याकडे ते कलम उभेच होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेली मोकळीक सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काढून घेतली आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांना त्या कलमातून मुक्त केले. इतिहासाने या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची क्षमा मागायला हवी, असे न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी त्या निकालात लिहिले. त्यातला ‘कुटुंबीयांची’ हा शब्द त्या दिवशी वर्तमानपत्रात वाचताना मला जरा जास्तीचा वाटला होता. आता वाटत नाही. तमिळनाडू सरकारने तर २०२२ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून, या माणसांना आदराने कोणत्या तमिळ शब्दांनी संबोधावे याची सूचीच राजपत्रात प्रसिद्ध केली. एका राज्याला आपल्या भाषेत हे शब्द असावेत असे वाटले आणि त्याने ते छापले. हे वाचले तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला.

पुढे भाची नाशिकला आली तेव्हा आम्ही दोघी संध्याकाळी गोदाघाटावर जाऊन बसलो आणि मी तिला त्या कोऱ्या पट्टीची सगळी हकीकत सांगितली. ती रागावेल असे वाटले होते, पण तिने काही वेगळेच सांगितले. कॉलेजात असताना तिच्या फोनने हा शब्द शिकून घेतला होता, कारण ती तो मैत्रिणींना लिहीत असे. सुट्टीत घरी आली की आई सहज म्हणायची, ‘दे गं फोन, वाण्याला यादी पाठवते.’ त्याआधी ती न्हाणीघरात जाऊन शिकलेले शब्द एकेक करून पुसत असे. पट्टीतल्या शब्दावर बोट दाबून धरायचे आणि तो टोपलीत ओढून टाकायचा. ‘मावशी, किती वेळा मी स्वतःलाच ओढून टोपलीत टाकलंय,’ ती म्हणाली, आणि मग पाण्याकडे बघत राहिली. मला बोलता आले नाही. तिच्यासाठी त्या काळात कोरी पट्टी हे छत होते.

त्यामुळे माझे मत आता पहिल्यापेक्षा जरा गुंतागुंतीचे झाले आहे, पण डळमळीत झालेले नाही. सर्वांसाठी म्हणून जो शब्दसाठा कीबोर्डबरोबर येतो, त्यात हा शब्द इतर कोणत्याही शब्दासारखा, शुद्ध लेखनासह असला पाहिजे. तो सगळ्यांच्या फोनमध्ये असला की कोणाच्याच फोनमध्ये तो चुगली करणार नाही. आज तो फक्त लिहिणारीच्या फोनमध्ये उमटतो, म्हणूनच तिला पकडून देतो. मात्र तिने स्वतः काय लिहिले याची आठवण ही तिची खाजगी वही आहे. ती ठेवायची की फाडायची, आणि फोन दुसऱ्याच्या हाती देताना मिटायची की नाही, हे एका स्पर्शात आणि फक्त तिला ठरवता यावे. कंपनीने तिच्या भल्यासाठी म्हणून तो शब्दच भाषेतून काढून घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. अण्णांनीही पत्रक वाचणाऱ्यांच्या भल्यासाठीच तिसरा मुद्दा काढला होता.

घाटावरून घरी आल्यावर मी तिला पुन्हा संदेश लिहिला. ती पलीकडच्या खोलीतच झोपली होती. यावेळी एकेक अक्षर दाबून लिहिले: ‘तू समलिंगी आहेस, हे तू मला पहिल्यांदा सांगितलंस याचा मला अभिमान वाटतो.’ आतून तिच्या फोनचा बारीक आवाज आला. त्यानंतर मी तिला आणि इतरांना तो शब्द लिहीत राहिले, हा लेखही फोनवरच लिहायला घेतला आणि महिन्याभरात माझ्या फोनच्या केसीत त्या शब्दाचा खण हाताशी आला.

श्रावणात माझी बहीण आली होती. तिला तेव्हा काहीच माहीत नव्हते. भांडीबाजारातल्या दुकानदाराला निरोप पाठवायचा म्हणून तिने माझा फोन मागितला आणि मी स्वयंपाकाच्या नादात तो देऊनही टाकला. ओट्याशी वळून पाहिले तेव्हा तिने ‘सम’ लिहिले होते, आणि वर, पट्टीच्या पहिल्या घरात, तो होता. माझ्या पोटात खड्डा पडला. न्हाणीघराचे दार लावून फोन पुसणारी ती मुलगी मला त्या क्षणी जितकी कळली तितकी घाटावरही कळली नव्हती. हात पुढे करून फोन काढून घ्यावा असे फार वाटले, पण मी हात पदराला पुसत तशीच उभी राहिले.

‘ताई, हे काय येतंय गं इथे?’ तिने विचारले.

‘मी लिहिते तो शब्द,’ मी म्हणाले. ‘सध्या त्याच्यावरच लिहिते आहे.’

तिने एकदा माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा फोनकडे. काही वेळ तिचे बोट पट्टीवर अधांतरी होते. नंतर शेजारच्या घरातल्या ‘समई’वर तिने टिचकी मारली आणि, दोन हव्यात, जोडी, असे पुढे लिहू लागली.